कीड नसलेला जबडा

मंगळवार, ४ मार्च

मंडळाच्या चिटणिसांनी आज माझी ओळख 'धगधगती मशाल' अशी करून दिली. मागच्या महिन्यात मी 'तोफ' होते. प्रगती अशीच चालू राहिली तर पुढच्या वेळी व्यासपीठाजवळ पाण्याची बादली ठेवावी लागेल.

भाषण तेच – 'दगड चावणारी माणसं'. शेती यायच्या आधीचा माणूस. शिकार करायचा, कंद उकरायचा, कवचं फोडून बिया खायचा. ना ब्रश, ना पेस्ट, ना दातांचा डॉक्टर. आणि त्याचे दात? मोत्यांसारखे नव्हेत – जात्यासारखे! इथे टाळ्या पडतात. नाही पडल्या तर मी पाण्याचा घोट घेते आणि पडेपर्यंत थांबते. मग मऊ अन्नावर तुटून पडते. मऊ पाव, मऊ बिस्किटं, मऊ कणा, मऊ विचार. आज तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी खिशातून काढलेलं बिस्किट परत खिशात ठेवलं. मला केवढा आनंद झाला! साम्राज्य जिंकल्यासारखी घरी आले.

धाकटी पहिल्या रांगेत होतीच. माझी ही बहीण एकही भाषण चुकवत नाही. कपडे दुरुस्तीचं दुकान बंद करून येते, मधोमध बसते, योग्य जागी मान हलवते. शंभर माणसं विरोधात असली तरी चालतील, अशी एक मान समोर असली की पुरे.

घरी ह्यांना बातमी दिली. वस्तुसंग्रहालयात गुहेत राहणाऱ्या माणसांचं नवं दालन उघडतंय, रविवारी तेवीस तारखेला, आणि उद्घाटनाचं भाषण माझं. ह्यांनी हातातली कवळी खाली ठेवली.

"बोल, जोरात बोल. तुझं ऐकून लोक कडक खातात, दात मोडून घेतात आणि मग माझ्याकडे येतात."

ज्या माणसाने आयुष्यभर कवळ्या करून घर चालवलं, त्याच्याच छताखाली बसून मी कवळ्यांविरुद्ध बोलते. लोक ह्याला विसंगती म्हणतील. मी लोकशाही म्हणते.

गुरुवार, ६ मार्च

संग्रहालयातली संशोधक मुलगी आज ह्यांच्या कामाच्या खोलीत आली होती. गळ्यात दोरीला भिंग. नाव सांगितलं तिने, पण मनात मी तिला भिंगवालीच म्हणते. गुहेतल्या जबड्यांचे तिने रबरी साचे घेतलेत. हे त्यांत पिवळसर प्लास्टर ओतणार आणि त्या प्रती दालनात ठेवणार – खरी हाडं काचेआड, प्रती हाताळायला.

ह्यांनी त्या प्रती वाळायला ठेवल्या त्याच फळीवर, जिथे ह्यांच्या गिऱ्हाइकांची तोंडं ठेवलेली असतात. तिने विचारलं, चिठ्ठ्या नको का लावायला? ह्यांची छाती फुगली. चिठ्ठ्या म्हणे नवशिक्यांना लागतात. "मी जबडा बघून माणसाचं नाव सांगतो." मग पाऊण तास ह्यांनी तिला आपल्या गाजलेल्या कवळ्यांचा इतिहास ऐकवला. घरात वक्ता एकच आहे असा माझा समज होता.

संधी साधून मी विचारलं, ह्यातल्या एका तरी दाताला कीड आहे का?

"फार थोड्यांना, मॅडम. काही जबड्यांत अजिबात नाही. पण –"

पुढे ती बरंच काही बोलली. मी 'अजिबात नाही' एवढं पाठ केलं. वक्त्याच्या कानाला 'पण' ऐकू येत नाही. निसर्गाने आमची तशी सोय केली आहे.

शनिवार, ८ मार्च

धाकटी आली होती. डावा गाल किंचित सुजलेला. जेवताना सगळं उजवीकडे ढकलत होती. खोदून विचारल्यावर म्हणाली, तू दिलेल्या त्या बिया फोडताना दाढेचा तुकडा उडाला. होईल बरं.

हे लगेच म्हणाले, समोरच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवून ये, मी बरोबर येतो. ती म्हणाली, "भावोजी, आदिमानवाला कुठे डॉक्टर होता?"

माझं वाक्य! स्वल्पविरामासकट माझं! मी नुसती फुलले. मग ह्यांना दहा मिनिटं सुनावलं – शरीराची शक्ती, भीतीचा व्यापार, पांढऱ्या कोटाची गुलामी. धाकटी गालावर हात ठेवून मान हलवत होती. हे उठून प्लास्टर कालवायला गेले.

सोमवार, १० मार्च

उद्या मंडळात रंगीत तालीम. ह्यांच्याकडे एक जबडा मागितला – चांगला, ठसठशीत, झिजलेला. ह्यांनी फळीकडे नीट पाहिलंही नाही. हात लांबवला आणि दिला. "हा घे. तुझी आदिमाता."

मंगळवार, ११ मार्च

लिहू की नको. लिहिते. कुणाला तरी सांगायलाच हवं आणि कागद निदान हसत नाही.

मंडळाची खोली भरली होती. मी जबडा उंच धरला. आज मला स्वतःलाच इतकं चढलं की काय सांगू. ह्या दाढा बघा, म्हटलं, कशा सपाट, कशा निर्भय! ह्या दाढांनी बिस्किट पाहिलं नाही. हा जबडा कुठल्या डॉक्टरपुढे उघडला नाही. आणि मित्रहो, हा जबडा कधी खोटं बोलला नसेल!

टाळ्या. जबडा रांगेरांगेतून फिरला. लोक देवघरातली मूर्ती घ्यावी तसा घेत होते. मागच्या रांगेत भिंगवाली बसली होती, मला दिसलीच नव्हती. तिच्या हातात आला तसा तिने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. मुलगी चांगली. तिला हे माझ्या कानातच सांगायचं होतं. पण तिच्या शेजारचे निवृत्त बसचालक, ज्यांना जन्मात कुजबुज जमली नाही, म्हणाले, "काय दिसतंय ते मोठ्याने सांगा की."

"ही दाढ भरलेली आहे," ती म्हणाली. "डॉक्टरने भरलेली."

 भिंतीशी बसलेले हे उठले, जबडा उजेडात फिरवला, आणि जबडा बघून माणसाचं नाव सांगणाऱ्या ह्या गृहस्थांनी सगळ्यांदेखत नाव सांगितलं. माझं.

मागे एकदा ह्यांनी माझ्या दातांचा साचा घेतला होता. मी झोपेत दात खाते म्हणून दातांवर बसवायची एक पट्टी करणार होते. पट्टी झाली, मी ती लावली नाही – आदिमानव कुठे लावत होता! साच्यातली प्लास्टरची प्रत मात्र फळीवर राहिली. चिठ्ठी न लावलेली.

तेव्हा त्या सपाट, निर्भय दाढा माझ्या. कंदमुळांनी नव्हे, झोपेत जगाशी भांडून झिजलेल्या. आणि कधी खोटं न बोललेला जबडाही माझाच, जो नेमका त्याच क्षणी बोलत होता.

रिक्षाने घरी आलो. चूक त्यांचीही होती, म्हणून दोघंही भाड्यासाठी एकदमच पर्स-पाकीट काढत होतो.

बुधवार, १२ मार्च

बाहेर गेले नाही. जबडा टेबलावर आहे. माझ्याकडे बघून हसतो. हसणारच, घरचाच आहे.

शुक्रवार, १४ मार्च

संग्रहालयात गेले. खरं सांगायचं तर भांडायला. दालनातल्या प्रती नक्की कोणाच्या आहेत ह्याची हमी द्या, वगैरे वाक्यं जिन्यात तयार केली होती. भिंगवालीने खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाली, बरं झालं आलात, त्या दिवशीचं माझं बोलणं अर्धं राहिलं होतं.

ते 'पण'.

तिने पेटीतून खरा जबडा काढला. तपकिरी, हलका, माझ्या तळहातात मावेल एवढा. बाईचा. कीड नाही. एकही नाही. मी विजयी मुद्रेने पाहिलं. ती म्हणाली, आता दाढांची वरची बाजू बघा. उंबरठा पायांनी झिजतो तशा झिजलेल्या. दगडावर कुटलेल्या बियांत दगडाची कच, उकरलेल्या कंदात वाळू, भाजलेल्या मांसाला राख – रोज, प्रत्येक घासाला. मग तिने मला सूक्ष्मदर्शकात डोळा लावायला सांगितलं. चंद्रावरच्यासारखे खळगे आणि ओरखडे. कडक, खरखरीत खाल्लं की खळगे, चिवट खाल्लं की ओरखडे. आयुष्यातली शेवटची काही जेवणं तिथे उमटलेली असतात म्हणे. मी वाकून एका बाईचं जेवण बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यावर काही बोलावंसं वाटलं नाही.

दात झिजतो तसा तो आतून स्वतःला लिंपून घेतो, ती सांगत होती. झीज सावकाश असली तर निभतं. झीज पुढे गेली की आतली नस उघडी पडते. कीड लागायची गरजच नाही. तिने जबडा उलटा केला. डाव्या दाढेच्या मुळाशी हाडाला भोक. पेन्सिलचं टोक जाईल एवढं. पू बाहेर पडायला वाट शोधत हाडातून गेलेला. आणि त्या बाजूच्या दातांवर कीटणाचा जाड थर, उजवीकडे जवळजवळ नाहीच.

कारण ती डावीकडे चावतच नव्हती. सगळं उजवीकडे ढकलत होती.

मी विचारलं, ही ह्यानेच गेली का?

"ते सांगता येत नाही. दुखत असतानाच गेली, एवढं हाड सांगतं. भोकाच्या कडा भरलेल्या नाहीत."

पुढच्या दातांना बारीक खाचा होत्या. दोरे दातांत धरून वळायची असेल, ती म्हणाली. धाकटीच्या पुढच्या दाताला अशीच खाच आहे. कात्री शेजारी असते आणि ही दोरा दातांनी तोडते.

चहा तसाच राहिला. कीड नाही हे मी वर्षानुवर्षं सांगत आले, आणि ते अगदी खरं होतं. त्या बाईला त्याचा काय उपयोग झाला?

शनिवार, १५ मार्च

धाकटीच्या दुकानात. गाल आता चांगलाच वर आलाय. म्हटलं, ऊठ, डॉक्टरकडे चल.

ती शिवणयंत्रावरून उठली नाही. म्हणाली, शरीराला वेळ द्यावा लागतो. म्हटलं, हे कोण म्हणतं? तर म्हणे तूच, ग्रंथालयातल्या भाषणात. मी म्हटलं, ते सर्वसाधारण होतं. ती म्हणाली, "'सर्वसाधारण' हा भित्र्यांचा शब्द आहे." हेही माझंच!

मी एक मुद्दा मांडावा, तिने माझंच एक वाक्य काढून समोर ठेवावं. माझी वाक्यं इतकी चांगली आहेत हे मला आजच कळलं. एकालाही उत्तर नाही. कशी पक्की बांधलीत कार्टी! गिऱ्हाइकं कौतुकाने ऐकत होती. एक बाई पँटची चेन बदलायला आली होती, ती जाताना मला म्हणाली, तुमची बहीण किती छान बोलते.

सोमवार, १७ मार्च

जबड्याचं, भोकाचं सगळं धाकटीला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "ताई, तू दमलीस की अशी बोलतेस. रविवारी छान बोल."

ह्यांनी समोरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पू खाली मानेकडे उतरला तर श्वासाला धोका, मग माझ्याकडे नव्हे, थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. हे तिच्याकडे जाऊन आले, अगदी हात जोडून आले. तिने चहा पाजून परत पाठवलं.

बुधवार, १९ मार्च

ताप आहे तिला. मला सांगितलं नाही. शेजारणीकडून कळलं.

गुरुवार, २० मार्च

चिटणीस आले होते, कार्यक्रमपत्रिका घेऊन. म्हणाले, त्या दिवशीची गंमत लोक विसरलेत, तुम्ही नेहमीचं बोला, 'जात्यासारखे' तर हवंच. बाहेरून लोक येणार आहेत. मी हो म्हटलं.

मग दुपारभर नेहमीचं भाषण म्हणून पाहिलं. तोंडातून सुरळीत येतं. झोपेतही येईल – नव्हे, झोपेत तेच करत असणार मी, दाढा साक्षीला आहेत. पण रविवारी पहिल्या रांगेत तापाने फणफणलेली एक बाई बसणार, मान हलवणार, आणि माझ्या प्रत्येक टाळीबरोबर तिच्या हाडातलं भोक वाढणार.

शुक्रवार, २१ मार्च

एका माणसाला मी घरात समजावू शकत नाही. भर सभेत समजावीन. मला दुसरं येतं काय?

शनिवार, २२ मार्च

ह्यांना सांगितलं, उद्या मी माझ्याविरुद्ध बोलणार.  ह्यांनी विचारलं, समोरची बाजू भक्कम आहे, तयारी झाली का? चेष्टा होती. पण मग भिंगवालीला स्वतःच फोन करून त्या बाईच्या जबड्याची प्रत नक्की कोणती ते ठरवून घेतलं, आणि तिच्यावर खिळ्याने खूण कोरली. छाती न फुगवता.

रविवार, २३ मार्च

दालन गच्च भरलं होतं. धाकटी पहिल्या रांगेत, मधोमध, डोक्याभोवती रुमाल बांधून. तोंड पुरतं उघडत नव्हतं. मला बघून मान हलवली.

मी सुरुवात केली. "ह्या जबड्यात कीड नाही. हे मी सगळीकडे सांगत आले आणि ते खरं आहे. आता हे भोक बघा." चिटणिसांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. मी सगळं सांगितलं – कच, वाळू, उघडी नस, डावीकडचं कीटण. सांगितलं की ह्या बाईला डॉक्टर नव्हता हा तिचा मोठेपणा नव्हता, तिची अडचण होती. सांगितलं की तिला कोणी नेणारं असतं तर ती धावत गेली असती.

आणि तेवढ्यात धाकटी उठली. भाषणाच्या मध्येच. माझ्याकडे न बघता रांगेतून बाहेर, दाराकडे. गेली!

माझं वाक्य अडकलं. जबडा हातात नीट राहीना, टेबलावर ठेवून बोलले. असं आजवर कधी झालं नव्हतं. रुसली, वाटलं. सगळ्या आयुष्याची एक श्रोती, तीही गेली. पण आता थांबून काय करणार? शेवटचं बोलून टाकलं – माझं ऐकून इथे कोणी दुखणं अंगावर काढत असेल, तर त्याने आत्ता उठावं आणि डॉक्टरकडे जावं, मी भाषण थांबवते. एक गृहस्थ लगबगीने उठले. माझे डोळे भरून आले. पाच मिनिटांनी हात पुसत परत येऊन बसले.

टाळ्या नाहीत. कुठे पडायच्या हेच कोणाला कळलं नाही. बाहेर आले तर हे नाहीत. धाकटी नाही. भिंगवालीने निरोप दिला – तुमचे मिस्टर त्यांना घेऊन समोरच्या डॉक्टरांकडे गेलेत. रविवार असून त्यांनी दवाखाना उघडलाय.

सोमवार, २४ मार्च

दाढ काढली. पू काढला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवसांनी त्यांच्या हाताबाहेर गेलं असतं. ताप उतरतोय. बोलायला मनाई. कापूस चावून बसली आहे आणि बघत असते.

मंडळातून तिघांनी राजीनामे दिले. बसचालकांचा फोन आला, म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा तुमचं भाषण कळलं. चिटणीस म्हणाले, इथून पुढे तुमची ओळख 'ज्येष्ठ' अशी करून देऊ. विझले, एकूण.

पण मनातून – इथे कोण वाचतंय – मनातून मी गावभर मिरवते आहे. इतकी वर्षं बोलले, आजोबांची बिस्किटं खिशात गेली, बस्स. आणि काल एका भाषणाने माणूस उठला, चालत गेला आणि वाचला! कुठल्या वाक्याला उठली असेल? 'तिची अडचण होती' ला? की 'धावत गेली असती' ला? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, मी दारात होतो, मला आतलं ऐकू येत नव्हतं. ह्या माणसाला ऐतिहासिक क्षणांची कदरच नाही.

मला वाटतं 'धावत गेली असती'.

शनिवार, २९ मार्च

धाकटीचं तोंड आता नीट उघडतं. गप्पा मारत बसलो. मी विषय काढलाच – कुठल्या वाक्याला उठलीस?

ती म्हणाली, ठणका एवढा होता की मला एक शब्द ऐकू आला नाही. भावोजी दारात दिसले, त्यांच्याकडे गेले. आणि आधीची भाषणं तरी कुठे पटली होती! तिला डॉक्टरच्या सुईची भीती, लहानपणापासून. माझा आदिमानव तिला आयता सापडला होता.

मग इतकी वर्षं दुकान बंद करून पहिल्या रांगेत कशाला येऊन बसायचीस?

"तू बोलायला उभी राहिलीस की तुझा हात थरथरतो, ताई. मी दिसले की थांबतो."

माझा हात थरथरतो, हे मला आज कळलं.